बंद खाणीतली तालीम : क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’

‘प्लेझर टू किल’ हे नाव मराठीत सांगायचे तर ‘मारण्यातली मजा’. अशा नावाच्या ध्वनिमुद्रिकेवर दिवाळी अंकात लिहायचे, तेही अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि गायले त्या कोल्हापुरात बसून, म्हणजे सुरुवातीलाच थोडा खुलासा करणे भाग आहे. ही ध्वनिमुद्रिका पश्चिम जर्मनीतल्या एसेन शहरातल्या क्रिएटर या बँडची. साल १९८६. वाजवणारे तिघे: गिटार आणि गायन मिले पेट्रोझा, ड्रम आणि काही गाण्यांचे गायन युर्गन राइल ऊर्फ व्हेंटॉर, बास गिटार रॉब फिओरेट्टी. मिलेचा जन्म डिसेंबर १९६७चा; म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. थ्रॅश मेटल या संगीतप्रकाराच्या सुरुवातीच्या काळातली महत्त्वाची कामे मोजायला कोणीही बसले, तरी या ध्वनिमुद्रिकेला वगळून त्याला पुढे जाता येत नाही.

ती थोर आहे हे सिद्ध करण्यासाठी हा लेख नाही. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. या ध्वनिमुद्रिकेतले शब्द कच्चे आहेत. तिच्यातली हिंसा सिनेमातून आणि इतर बँडांच्या गाण्यांतून उसनी घेतलेली आहे. वादनात चुका आहेत आणि त्या ऐकू येतात. तरीही जवळपास चाळीस वर्षांनंतर ती जुनी वाटत नाही. तिच्याहून कितीतरी सफाईदार कामे त्याच काळात झाली आणि विसरली गेली. मग ही टिकली कशावर? माझ्या मते उत्तर दोन ठिकाणी सापडते. एक तिच्या लयीत, आणि दुसरे ती ज्या खोलीत घडली त्या खोलीत. दुसऱ्या उत्तराचा आपल्या गावाशी संबंध आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

थ्रॅश म्हणजे काय

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट आली. मोटरहेडसारख्या बँडने तिला वेग दिला आणि न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने सैतान, कबरी, रक्त असा सगळा मसाला दिला. त्याच सुमारास पंक संगीताची एक शाखा अधिक कडक आणि अधिक वेगवान होत चालली होती. या दोन्हींच्या मिश्रणातून थ्रॅश निघाले. अमेरिकेत १९८३ साली मेटॅलिका आणि स्लेअर यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका आल्या. जर्मनीत पुढच्या दोन-तीन वर्षांत गेल्झनकिर्शेनचा सोडम, वाइल आम राइनचा डिस्ट्रक्शन आणि एसेनचा क्रिएटर हे तीन बँड पुढे आले.

या संगीताची मूळ क्रिया अगदी साधी आहे. उजव्या हाताच्या तळव्याची कड गिटारच्या तारांवर टेकवायची, म्हणजे तारेचा नाद लांबत नाही. ‘टंऽऽ’ असा न येता ‘टक्’ असा तुटक येतो. मग असे तुटक आघात शक्य तितक्या वेगाने, न थांबता करायचे. ड्रमवर पायाने वाजणारा मोठा ढोल आणि काठीने वाजणारा स्नेअर एकाआड एक पडत राहतात. त्याला आवर्तन असते, पण ते सहसा आठ-सोळा आघातांतच संपते आणि पुन्हा सुरू होते. गिटारच्या अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला रिफ म्हणतात. थ्रॅशमधले गाणे म्हणजे अशा पाच-सहा तुकड्यांची जोडणी. गायक सुरात गात नाही, तो ओरडतो. पण ते ओरडणेही लयीला बांधलेले असते.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमके आणि कैताळ यांचा जो कडकडाट चालतो, तो ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना यात काही परके वाटू नये. हलगीवाला एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन लय चढवत नेतो. सूर तिथेही गौण असतो. आघात, वेग आणि अंगात येणारी झिंग हाच तिथला आशय. फरक एवढाच, की हलगी चढते तेव्हा खालून घुमके तिला धरून ठेवते. क्रिएटरमध्ये असे धरून ठेवणारे कोणी नाही. तिथे सगळेच धावत असतात.

तीन मुले, एक खाण

एसेन हे रूर खोऱ्यातले शहर. कोळसा आणि पोलाद हा तिथला शंभर-दीडशे वर्षांचा धंदा. क्रुप हे कारखानदार घराणे इथलेच. शहराच्या उत्तरेला आल्टेनएसेन नावाचा कामगार भाग आहे. तिथल्या शाळकरी मित्रांनी १९८२ साली बँड काढला. आधी त्याचे नाव टायरंट, मग टॉर्मेंटर आणि शेवटी क्रिएटर. पेट्रोझा आणि फिओरेट्टी ही आडनावे इटालियन आहेत. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी मजूर आणण्याचा करार केला आणि पुढे खाणी-कारखान्यांत इटालियन, मग तुर्की कामगारांची वस्ती वाढत गेली. आल्टेनएसेन हा अशा मिसळलेल्या वस्तीचा भाग होता.

ही मुले वयात आली तेव्हा कोळशाचा धंदा उतरणीला लागून पंचवीस वर्षे झाली होती. १९५८पासूनच तिथल्या कोळशाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले आणि एकामागून एक खाणी बंद पडू लागल्या. एसेनमधली शेवटची चालू खाण म्हणजे त्सोलफराइन. ती २३ डिसेंबर १९८६ रोजी बंद झाली. ‘प्लेझर टू किल’ त्याच वर्षाची.

आल्टेनएसेनमध्ये कार्ल नावाची खाण होती. ती याआधीच बंद पडलेली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक लोकांनी पुढाकार घेतला आणि तिच्या इमारती पाडू न देता तिथे सांस्कृतिक केंद्र उभे केले. या केंद्रात क्रिएटरची तालीम चालत असे. थॉमस शाड्ट या दिग्दर्शकाने १९८९ साली या बँडवर माहितीपट केला, त्याचे नावच ‘थ्रॅश, आल्टेनएसेन’. संगीतप्रकार आणि मोहल्ला यांची नावे अशी शेजारी ठेवून त्याने निम्मी गोष्ट सांगून टाकली आहे.

१९८५ साली ‘एंडलेस पेन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका आली. प्रकाशक नॉइज रेकॉर्ड्स. कार्ल-उलरिख वाल्टरबाख याने बर्लिनमध्ये ही कंपनी काढली होती. त्याआधी तो पंक संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढत असे. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी मुले पुन्हा पश्चिम बर्लिनला गेली. तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती आणि शहर चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेले होते. तिथल्या म्युझिक लॅब स्टुडिओत हॅरिस जॉन्स या ध्वनिमुद्रकाने काम पाहिले.

जॉन्सच्या वाट्याचे श्रेय नीट सांगायला हवे. ‘एंडलेस पेन’मध्ये उत्साह भरपूर आहे, पण आवाज पातळ आहे, दुसऱ्या खोलीतून ऐकल्यासारखा. जॉन्सने गिटारला जाडी दिली आणि ड्रम पुढे आणला. त्याने मुलांची घाई मात्र सावरली नाही. कोणी शिस्तीचा निर्माता असता तर त्याने प्रत्येक गाणे दहा वेळा वाजवून घेतले असते, लय एकसारखी करून घेतली असती. तशी ही ध्वनिमुद्रिका अधिक चांगली झाली असती आणि अधिक लवकर विसरली गेली असती.

ऐकताना

मूळ ध्वनिमुद्रिकेत नऊ तुकडे आहेत आणि एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत. नंतरच्या सीडीवर त्याच वर्षीच्या ‘फ्लॅग ऑफ हेट’ या छोट्या ध्वनिमुद्रिकेतली गाणी जोडलेली आढळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने नऊवर थांबावे. कामाचा आकार तेवढाच आहे.

सुरुवात ‘क्वायर ऑफ द डॅम्ड’ या दोन मिनिटांहून लहान, शब्दांविना वाजणाऱ्या तुकड्याने होते. संथ, गूढ, भयपटाच्या श्रेयनामावलीला शोभेल असा. तो ऐकून वाटते की पुढे काही भव्य येणार. पण तो संपता संपता ‘रिपिंग कॉर्प्स’ अंगावर येते आणि भव्यतेचा विचार करायला सवड उरत नाही. ही योजना मुद्दाम केलेली असो वा नसो, परिणाम नेमका होतो. दार हळूच उघडते आणि आत यंत्र आधीपासूनच चालू असते.

‘रिपिंग कॉर्प्स’, ‘डेथ इज युवर सेव्हियर’ आणि शीर्षकगीत ही पहिली तीन गाणी सलग ऐकावीत. यांत रिफ एकापुढे एक येत राहतात आणि बहुतेक वेळा एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसतो. मेटॅलिकाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ही १९८६चीच. तिच्यात प्रत्येक तुकडा पुढच्याची तयारी करतो. ते घर नकाशा काढून बांधलेले आहे. त्याच वर्षाची स्लेअरची ‘रेन इन ब्लड’ म्हणजे धारदार सुरी; अर्ध्या तासाहून कमी वेळात काम संपवते, एक आघात वाया घालवत नाही. क्रिएटरकडे यांतले काहीच नाही. नकाशा नाही, धार नाही. त्यांच्याकडे आहे तो ताण.

हा ताण कोठून येतो हे मला एका मिस्त्रींनी सांगितले. १९९६ साली इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातून कॉपी केलेली कॅसेट घेऊन मी घरी आलो होतो. वडिलांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप होते आणि घरी ऐकायची सोय नव्हती, म्हणून तिथल्या टेपवर ती लावली. दोन लेथ आणि एक ड्रिल चालू होते. साठीतले मिस्त्री, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेले की पट्टा सैल झाला हे सांगणारे. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “ह्यो वाजवणारा दमलाय रं. पर थांबंना झालाय.”

या ध्वनिमुद्रिकेवर मी नंतर जे जे वाचले त्यात याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही. व्हेंटॉर आपल्या हाताच्या कुवतीपलीकडच्या वेगाने वाजवतो आहे. लय कुठे किंचित ढळते, कुठे पुढे सटकते. गिटार तिला गाठायला धावते, गायकाचा श्वास ओळीच्या शेवटी संपतो. पण कोणी वेग कमी करत नाही. कसलेला वादक सहज वेगाने वाजवतो तेव्हा आपण त्याच्या कौशल्याला दाद देतो. इथे वेग सहज नाही. तो प्रत्येक क्षणी कमवावा लागतो आहे आणि ते कमावणे ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या अंगात जी झिंग चढते ती या कष्टाची आहे. नंतरच्या काळात याहून दुप्पट वेगाने वाजवणारे बँड निघाले. संगणकावर लय सरळ करायची सोय आली. पण दमलेला माणूस थांबत नाही ही गोष्ट त्या सफाईतून ऐकू येत नाही.

तोच तो वेग चाळीस मिनिटे चालला असता तर कान बधिर झाले असते. तसे होत नाही याचे श्रेय मधल्या दोन गाण्यांना. ‘रायट ऑफ व्हायोलन्स’ व्हेंटॉर गातो. मिलेचा आवाज वरच्या पट्टीतला, फाटणारा. व्हेंटॉरचा जड आणि घोगरा. गाण्याची चालही बाकीच्यांपेक्षा सावकाश, पाय रोवून टाकलेली. इथे पहिल्यांदाच कळते की ही मुले थांबू शकतात, म्हणजे बाकी ठिकाणी न थांबणे ही त्यांची निवड आहे. त्यामागून येणारे ‘द पेस्टिलन्स’ जवळजवळ सात मिनिटांचे. रोगराईवरचे हे गाणे ध्वनिमुद्रिकेतले सर्वांत लांब आणि रचनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. लय बदलते, पुन्हा चढते, एक रिफ निराळ्या वेगाने परत भेटतो. सांधे इथेही दिसतात, पण बांधण्याची इच्छा स्पष्ट दिसते. पुढच्या वर्षीच्या ‘टेरिबल सर्टन्टी’मध्ये हा बँड किती नेटका झाला याची चाहूल या गाण्यात लागते.

शेवटच्या तीन गाण्यांविषयी मी कमी बोलेन. ‘कॅरियन’ चांगले आहे. ‘कमांड ऑफ द ब्लेड’ पहिल्या गाण्यांची पुनरुक्ती वाटते. ‘अंडर द गिलोटिन’ शेवटाला साजेसा जोर आणते. मिलेचे गिटारवरचे एकल वादनही फारसे बोलावे असे नाही. सूर कुठे चालला आहे याची त्याला फिकीर नाही. तार ताणून किंचाळी काढायची आणि निघायचे. स्लेअरकडून घेतलेली ही रीत त्याच्या हातात अजून कच्ची आहे.

उसनी हिंसा

आता शब्दांकडे येतो. इथे मी या ध्वनिमुद्रिकेचा वकील नाही. प्रेते, रक्त, सुरे, सैतान. खुनी माणूस स्वतःच्या तोंडून सांगतो आहे असा पवित्रा. मुखपृष्ठावर फिल लॉव्हिअर या चित्रकाराने काढलेला शिंगांचा राक्षस आणि मुडद्यांची झुंबड. या सगळ्यात अनुभवाचा अंश शोधणे व्यर्थ आहे. शिवाय गाणी इंग्रजीत आहेत आणि ते इंग्रजी ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरून आणि सिनेमांतून शिकलेले आहे. व्याकरण अडखळते, शब्द अर्थापेक्षा ठसक्यासाठी निवडलेले वाटतात. आपल्याकडे मराठी माध्यमातली मुले बँड काढून इंग्रजीत लिहू लागतात तेव्हा जे होते, तेच इथे झाले आहे. परकी भाषा मुखवट्यासारखी वापरता येते. घरी आईला कळणार नाही असे बोलता येते.

मराठी वाचकाला भडक आणि हिंस्र भाषेची ओळख नव्याने करून द्यायला नको. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला आणि बीभत्स म्हणून झटकून टाकलेल्या शब्दांत एक संपूर्ण वस्ती उभी असू शकते हे आपण त्यातून शिकलो. त्यामुळे कोणी उत्साहाने क्रिएटरची तुलना ढसाळांशी करील, कामगार वस्ती, राग, शिव्या असा धागा जुळवील. मला ती तुलना मान्य नाही. ढसाळांचा शब्द कामाठीपुऱ्यातून आला. त्या शब्दाला पर्याय नव्हता. क्रिएटरच्या गाण्यातला शब्द काढून तिथे दुसरा तसलाच शब्द घातला तर काही बिघडत नाही. ढसाळांकडे भाषा खरी आहे. क्रिएटरकडे भाषा खोटी आहे आणि लय खरी आहे. समीक्षेने ही दोन वेगळी सत्ये वेगळीच ठेवावीत. एका वस्तीचा राग दुसऱ्या वस्तीच्या रागाशी नुसता जोडून दिला की दोन्हीकडे ऐकण्याचे काम अर्धवट राहते.

मग हिंसेचे शब्द निरुपद्रवी म्हणून सोडून द्यायचे का? तसेही नाही. ‘मारण्यातली मजा’ हे नाव जर्मनीत, दुसरे महायुद्ध संपून चाळीस वर्षे झाली असताना, अठरा वर्षांची मुले उच्चारतात याला काही अर्थ आहे, आणि तो अर्थ त्या वेळी त्यांना पेलत नव्हता. पुढे मिलेला तो जाणवला असावा. ‘टेरिबल सर्टन्टी’तले ‘टॉक्सिक ट्रेस’ हे विषारी प्रदूषणावरचे गाणे आहे. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांत समाज आणि राजकारण वाढत गेले, राक्षस मागे पडले. प्रेतांकडून माणसांकडे अशी ही वाट गेली. विशेष म्हणजे शब्द शहाणे झाल्यावरही लोक मैफलीत मागणी करतात ती जुन्या गाण्यांची. ऐकणाऱ्यांनी शब्द कधीच फारसे मनावर घेतले नव्हते हे त्यातून दिसते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका डेथ मेटल बँडने ‘रिपिंग कॉर्प्स’ हे नावच स्वतःसाठी घेतले. त्या पिढीने क्रिएटरकडून नाव घेतले आणि त्याहून जास्त म्हणजे गळा आणि वेग घेतला.

कोळशाचा सोपा सिद्धान्त

रूर खोऱ्यातल्या मेटलबद्दल बोलताना एक सिद्धान्त हमखास मांडला जातो: खाणी, भट्ट्या, धूर, बेकारी, म्हणून असे कर्कश संगीत. पुरावाही हाताशी असतो. सोडमचा गायक टॉम एंजलरिपर खरोखरच कोळसा खाणीत काम करत होता. मिस्त्रींचे वाक्य ऐकल्यापासून मलाही हा सिद्धान्त फार आवडत असे. यंत्राच्या आवाजात वाढलेली मुले यंत्रासारखे वाजवतात, हे उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला पटायला वेळ लागत नाही.

पण तपासून पाहिले की तो टिकत नाही. डिस्ट्रक्शन हा बँड वाइल आम राइनचा. हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर आहे. तिथे कोळशाची खाण नाही. टँकार्ड हा आणखी एक जुना थ्रॅश बँड फ्रँकफर्टचा. ते बँकांचे शहर. संगीत मात्र एकाच कुळातले. शिवाय खाणीचा आवाज आणि थ्रॅशचा आवाज यांत साम्य आहे म्हणणे हे कवितेत ठीक. खाणकामगारांच्या आधीच्या पिढ्यांनी त्याच आवाजात राहून निराळीच गाणी ऐकली. आणि आमच्या जिल्ह्यात इचलकरंजीला यंत्रमागांचा खडखडाट अष्टौप्रहर चालतो. त्यातून थ्रॅश निघाले नाही. आवाज आपोआप संगीत होत नाही.

मग खाणीने काय दिले? माझे म्हणणे असे, की खाणीने आवाज दिला नाही, जागा दिली. कार्ल खाणीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत जाड भिंतींच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत शाळा सुटलेल्या मुलांना वाईट वाजवण्याची मुभा मिळाली. ‘वाईट वाजवण्याची’ हे शब्द मी विचारपूर्वक लिहितो. चांगले वाजवणाऱ्याला जागा कुठेही मिळते. तीन-चार वर्षे कोणालाही ऐकवण्यासारखे नाही असे वाजवत राहायला मात्र अशीच जागा लागते, जिथे शेजारी तक्रार करत नाही आणि भाडे परवडते. ‘प्लेझर टू किल’मध्ये जो दम ऐकू येतो तो अशा खोलीत कमावलेला आहे. गरिबी आणि बेकारी अनेक गावांना मिळाली. खोली सगळ्यांना मिळाली नाही.

आपल्या गिरण्या, आपल्या तालमी

मराठीत ‘तालीम’ या एका शब्दात दोन जागा आहेत. नाटकाची तालीम आणि पैलवानाची तालीम. कोल्हापूरला या दोन्हींची किंमत फार आधी कळली होती. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून. गल्लोगल्लीच्या तालमी तर त्याहून जुन्या. तालमीत जाणारा प्रत्येक पोरगा मल्ल होत नाही, बहुतेक होतच नाहीत. तरी तालीम चालू ठेवतात, कारण शंभर पोरे घुमली तर एखादा निघतो हे गावाला ठाऊक असते. ऑगस्ट २०२४मध्ये नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून रडले. जागा गेली म्हणजे काय जाते हे त्या रात्री कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

पण बंद पडलेल्या कारखान्यांविषयी आपण असा विचार क्वचितच केला. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, त्यांतले कितीतरी आमच्या, साताऱ्याच्या आणि कोकणातल्या गावांतले. ज्या वर्षी एसेनमध्ये शाळकरी मुलांचा बँड निघाला ते हेच वर्ष. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी ठेवण्याची तरतूद १९९१च्या नियमात होती. २००१च्या बदलाने ती बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. आज तिथे मॉल, हॉटेले आणि उंच मनोरे आहेत. ज्या गिरणगावाने अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा डफ ऐकला, तिथे आज एखाद्या पोराला ड्रम वाजवायचा असेल तर तासाच्या भाड्याने खोली घ्यावी लागते.

कोल्हापुरात शाहू मिल आहे. १९०६ साली शाहू महाराजांनी स्थापन केलेली ही गिरणी या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. शहराच्या मधोमध दगडी इमारती, उंच धुराडे, मोठे आवार. तिथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे आणि योग्यही आहे. स्मारकाचे आराखडे चर्चेत आले की संग्रहालय, सभागृह, उद्यान यांची नावे येतात. यात माझी एकच भर आहे. माझ्या भाच्याने तीन मित्रांबरोबर बँड काढला. गच्चीवर वाजवू लागले तर सोसायटीने बंद केले. एका हॉलवाल्याने ‘असला गोंगाट नको’ म्हणून अनामत रक्कम परत केली. आठ महिन्यांत बँड मोडला. ती मुले चांगले वाजवत होती असे मी म्हणणार नाही. ती फार वाईट वाजवत होती. मिले आणि व्हेंटॉरही सुरुवातीला तसेच वाजवत होते.

त्सोलफराइनची बंद खाण २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ते मोठे काम आहे. पर्यटक येतात, फोटो काढतात. कार्ल खाणीचे काम त्या मानाने लहान, पण या ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात मला तेच मोठे वाटते. एका जागेने जुन्या श्रमाची आठवण जपली. दुसरीने नव्या श्रमाला जागा दिली. शाहू मिलच्या आवारात आठवणीसाठी दालने होतीलच. त्यांच्यामागे जाड भिंतींच्या चार-पाच साध्या खोल्याही असाव्यात, जिथे हलगीवाले, शाहिरी शिकणारी पोरे आणि गिटारवाले पाळीपाळीने येतील आणि कोणी त्यांना विचारणार नाही की तुम्ही चांगले वाजवता का. ज्या राजाने मल्लांना आणि गवयांना आसरा दिला त्याच्या स्मारकात ही गोष्ट विसंगत ठरू नये.

क्रिएटर २०१२ साली बंगळुरूला येऊन वाजवून गेले. कोल्हापूरवरून जाणाऱ्या त्याच महामार्गावरचे ते शहर. मी गेलो होतो. चाळिशी ओलांडलेला मिले त्या रात्री अठराव्या वर्षी लिहिलेली गाणी गात होता आणि पुढे उभी असलेली पोरे ती लिहिली गेली तेव्हा जन्मलीही नव्हती. बँड आता सफाईने वाजवत होता. सांधे दिसत नव्हते, लय ढळत नव्हती. मला आनंद झाला आणि थोडी चुकचुकही लागली. घरी आल्यावर मी जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हा लावली. वाजवणारा अजून दमलेलाच होता, आणि थांबत नव्हता.